रुसायची जागा

साहेबांनी मला नोकरी दिली ती माझी ड्रॉइंग्ज पाहून, असं मी बरीच वर्षं सगळ्यांना सांगत आलो. बायकोलाही हेच सांगितलं होतं. खरं तर त्यांनी माझी ड्रॉइंग्ज उलटी धरून पाहिली होती.

कॉलेजमध्ये मी तापीकाठी एक सांस्कृतिक केंद्र रंगवलं होतं. त्याचं छप्पर शिडासारखं होतं, आणि ते कशावर उभं राहणार हे मी कुठेही दाखवलेलं नव्हतं. साहेब भाजलेले शेंगदाणे खात एकेक शीट पाहत होते. एक शीट त्यांनी उलटं धरलं. मी नम्रपणे म्हणालो, "सर, ते दुसऱ्या बाजूने आहे." त्यांनी सुलटं करून पाहिलं, पुन्हा उलटं केलं आणि म्हणाले, "असंच बरं दिसतं." मग शीट बाजूला ठेवलं आणि विचारलं, "घरी भांडण झालं की तू रुसून कुठे बसतोस?"

मला वाटलं, ही काहीतरी मानसशास्त्रीय चाचणी असावी. पण उत्तर तयार नव्हतं, म्हणून खरं ते बोलून गेलो. "गच्चीवर. पाण्याच्या टाकीमागे."

"काहून?"

"तिथे सावली असते. कुणाला दिसत नाही. आणि खालून हाक मारली तर ऐकू येते."

"हाक कशाला ऐकू यायला हवी? रुसला आहेस ना?"

"जेवायला बोलावतात तेव्हा..."

साहेब इतके हसले की शेंगदाण्यांची सालं माझ्या सांस्कृतिक केंद्रावर उडाली. "दिसू नये पण हाक ऐकू यावी. सगळं आर्किटेक्चर एवढंच आहे बाप्पा. सोमवारपासून ये."

साहेब मूळचे अमरावतीकडचे. तरुणपणी सुरतेला आले ते इथलेच झाले. एरवी शुद्ध बोलत, पण खूश झाले किंवा चिडले की वऱ्हाडी बाहेर पडायची. फर्म त्यांनी आणि शेठनी मिळून काढलेली. शेठ म्हणजे त्यांचे गुजराती भागीदार, कॉलेजपासूनचे मित्र. शेठ कामं आणत, साहेब कामं करत. दोघांच्या केबिन शेजारी शेजारी होत्या आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण मला जुन्या ड्राफ्ट्समनकडून कळलं. साहेबांची आई वारली तेव्हा ते गावी गेले होते. तेवढ्या दिवसांत एका बंगल्याच्या मालकाने हट्ट धरला आणि शेठनी दर्शनी बाजूला चार रोमन खांब लावून दिले. साहेब परत आले, खांबावर टकटक करून पाहिलं. आतून पोकळ. "हा काय उचलतो?" एवढंच त्यांनी विचारलं. शेठ म्हणाले, "मालकाची मान." तेव्हापासून बोलणं बंद. फर्म मात्र चालू राहिली. शेठच्या घरून येणाऱ्या डब्यात साहेबांसाठी दोन रोटल्या जास्त असत, तेही चालू राहिलं.

मी आल्यावर निरोप पोहोचवायचं काम माझ्याकडे आलं. शेठ म्हणत, "एने कहे, क्लायंटने काच जोईए छे." मी शेजारच्या केबिनमध्ये जाऊन साहेबांना सांगे की क्लायंट काचेच्या दर्शनी भागाबाबत उत्सुक आहेत. साहेब म्हणत, "त्यांना सांग, सुरतेच्या उन्हात काचेत माणसं ठेवायची असतील तर पाणी पण भरा, मासे तरी जगतील." मी परत येऊन शेठना सांगे, "साहेब विचार करतो म्हणाले." हे मी इतक्या कौशल्याने करत होतो की फर्म माझ्यामुळेच टिकून आहे अशी माझी खात्री होती. घरी जेवताना मी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगायचो की मी नसेन तर ऑफिस एक दिवस चालायचं नाही. नाना उधन्याच्या कापड मिलमध्ये मागावर आयुष्य काढलेले. ते म्हणायचे, "मंग सुट्टी मांगू नको."

पुढे कधीतरी माझं टेबल दोन्ही केबिनच्या मधोमध सरकवलं गेलं तेव्हा लक्षात आलं की मधली भिंत नुसती प्लायवूडची आहे. एका केबिनमध्ये शिंकलं तरी दुसरीकडे ऐकू जात होतं. म्हणजे इतके दिवस दोघांनाही मूळ वाक्य थेट ऐकू येत होतं, आणि मग मी दार उघडून त्याचं काय करतो ते ऐकायला दोघं कान देऊन बसत होते. मी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "शेठला तुझं भाषांतर फार आवडतं. मले बी."

क्लायंटनाही ते रुसण्याबद्दल विचारत. वराछाच्या एका हिरेवाल्यांना बंगला बांधायचा होता. होम थिएटर, जिम, पाहुण्यांच्या खोल्या, सगळं सांगून झालं. साहेबांनी विचारलं, "आणि भांडण झाल्यावर कुठे बसता?" हिरेवाले दुखावले. "अमे तो झघडताज नथी," आम्ही तर भांडतच नाही म्हणाले. त्यांच्या मागे बसलेल्या त्यांच्या पत्नी शांतपणे म्हणाल्या, "गाडीमां बेसी जाय छे. एसी चालू करीने." साहेबांनी पार्किंगला लागून एक ओटा काढला, त्यावर पंखा. हिरेवाल्यांनी कुरकुर केली, पण ओटा ठेवला. आता संध्याकाळचे ते तिथेच सापडतात म्हणे, भांडण असो नसो.

दुसरा नाद पाण्याचा. बांधकाम पूर्ण झालं की साहेब प्रत्येक न्हाणीघरात बादली ओतायचे आणि पाणी कसं जातं ते बघत उभे राहायचे. "पाणी जातंय की विचार करतंय?" हा त्यांचा प्रश्न. पाणी विचार करत थांबलं की मिस्त्रीची खैर नसे. पण हा नाद फक्त आपल्या साइटपुरता नव्हता, हे मला माझ्या साखरपुड्याला कळलं.

सासऱ्यांचं घर उधन्याला. मी साहेबांना मोठ्या ऐटीत बोलावलं होतं. आमच्या सगळ्या खानदेशी गोतावळ्याला कळावं की माझ्या बॉसचं नाव पेपरात येतं. साहेब आले, पेढा खाल्ला, हात धुवायला म्हणून आत गेले. बराच वेळ परतले नाहीत. आतून बादली ओतल्याचा आवाज आला. मग थोडी शांतता, पुन्हा बादली. बाहेर भटजी अंगठी हातात धरून थांबलेले. माझ्या मामांनी मला हळूच विचारलं, "तुझे साहेब अंघोळ करतायत का?"

साहेब बाहेर आले ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. सासऱ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "ढाळ उलटा आहे. पाणी जाळीकडे जातच नाही, दाराकडे येतं."

सासरे मिलमध्ये फोरमन, भारी करारी माणूस. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून कडाडल्या, "मी किती वर्षं सांगते आहे! आणि हे म्हणतात तू पोछा नीट मारत नाहीस!"

मग साखरपुडा बाजूला राहिला. सासऱ्यांचा भाऊ आत जाऊन पाणी ओतून आला, दोन व्याही गेले, सगळ्यांनी आपापलं मत दिलं. भटजींनीही एकदा डोकावून पाहिलं. माझ्या होणाऱ्या बायकोने पदर तोंडाला लावला होता, मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. अजूनही म्हणते, त्या दिवशी तिला धीर आला. ज्याचा साहेब असा आहे त्याला घाबरायचं काय. पुढच्या आठवड्यात साहेबांनी आपला टाइल्सवाला पाठवून सासऱ्यांची न्हाणी नवी करून दिली. सासरे मला आजही जरा अंतर ठेवून वागवतात. साहेबांना मात्र दर संक्रांतीला तिळगुळाचा डबा जायचा.

गोडादऱ्याचं आमचं घर पाडून नवं बांधायचं ठरलं तेव्हा मी साहेबांना काही सांगितलं नाही. स्वतःच्या घराला तरी माझंच डिझाइन असावं असं वाटत होतं. घर म्हणजे अरुंद रो-हाऊस, एकामागे एक दोन खोल्या आणि मधून वर जाणारा अंधारा जिना. मी जिना बाहेर काढला, लोखंडी, हवेत तरंगल्यासारखा. आत सगळं मोकळं, भिंत नाही, वर काचेतून उजेड. कॉम्प्युटरवर सुंदर चित्र तयार केलं आणि माय-नानांना दाखवलं. अशा चित्रांत तयार माणसं टाकायची असतात. मी घाईत एक सोनेरी केसांची उंच बाई टाकली होती, कॉफीचा कप घेऊन ती आमच्या ओट्याला टेकून उभी होती.

मायने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "हाई बाई कोन शे रे?"

"कुणी नाही माय. नुसतं दाखवायला."

"मंग आपला घरमा काय करी ऱ्हायनी?"

हा किस्सा मीच ऑफिसात सांगितला, लोकांना हसवायला. सगळे हसले. साहेब हसले नाहीत. रविवारी सकाळी ते आमच्या दारात उभे. "चहा प्यायला आलो," म्हणाले.

चहा झाला. साहेब बसूनच राहिले. त्यांनी टेप काढला नाही की कागद काढला नाही. दुपारी मायने भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली, ते जेवले. माय आत येऊन मला कुजबुजत विचारायची, साहेबांना काही सांगायचं आहे का, तुझी नोकरी गेली का? मी म्हणायचो, नाही, ते असेच आहेत. पण मलाही खात्री नव्हती.

जेवणानंतर त्यांनी विचारलंच. "आई, तुम्ही रुसून कुठे बसता?"

"आम्ही कसाले रुसूत साहेब? आम्हले टाईम कोठे शे?" माय हसली.

नानाही म्हणाले, "नही नही, ती कधीच रुसत नही." मग ते पान आणायला कोपऱ्यावर गेले. माय ताटं उचलता उचलता थांबली आणि जिन्याकडे बघत म्हणाली, "त्या वळणनी पायरीवर बसस मी. भीतकडे तोंड करीसन."

मग तिने सांगितलं. तिथे बसलं की पुढच्या खोलीतून फक्त पाठ दिसते, तोंड दिसत नाही. हातात तांदळाचं ताट घ्यायचं. लोकांना वाटतं बाई तांदूळ निवडते आहे. "निवडेल तांदूळच परत निवडस मी," ती म्हणाली. गावाकडे तिची बहीण वारली आणि नानांच्या मिलमधून सुट्टी मिळाली नाही, तेव्हा ती तिथे बसली होती. मिल बंद झाली तेव्हा बसली होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुना निकाल लागना तवय बी मी तठेच, पदरने डोया पुसत."

मला तो दिवस चांगला आठवतो. मी धावत घरी आलो होतो, पास झालो म्हणून ओरडलो होतो, आणि माय वळलीसुद्धा नव्हती. "हाव, ऐकं मी," एवढंच म्हणून तांदूळ निवडत राहिली होती. मला फार लागलं होतं ते. मित्रांबरोबर लोचो खायला गेलो तेव्हा मी त्यांना म्हणालो होतो, आमच्या घरात शिक्षणाची कुणाला किंमत नाही.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण साहेबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मायला विचारलं, "अजून थोडं भरीत आहे का?"

सोमवारी त्यांनी माझा नकाशा मागवला आणि लोखंडी जिन्यावर पेन्सिलीने काट मारली. "जिना आत. वळणाची पायरी रुंद कर. तिथे खिडकी."

मी वाद घातला. आत जिना आला की मोकळेपणा संपतो, पायरीवर खिडकी कुठे असते का, पायरी म्हणजे जायची यायची जागा. "खिडकी कशाला पण?"

"तांदूळ निवडायला उजेड नको का?"

घर तसंच झालं. वळणाची पायरी चांगली ऐसपैस, तिला उंच खिडकी, बाहेर शेजाऱ्यांचं शेवग्याचं झाड. माझी सगळ्यात कमी स्वतःची आणि सगळ्यात चांगली इमारत. वास्तुशांतीला साहेब आले, पायरीवर स्वतः बसून पाहिलं. मी वाट पाहत राहिलो की माय आता तिथे बसेल.

ती बसली नाही. तिथे नाना बसायला लागले. उजेड छान म्हणून ते पेपर घेऊन तिथेच असायचे. ते उठले की माझी मुलगी गृहपाठ घेऊन बसायची. काही दिवसांनी मी मायला विचारलं, तू का नाही बसत? ती म्हणाली, "आते ते सगळास्ले ठाऊक पडनं." मग रुसायचं कुठे? ती नुसती हसली. तिने दुसरी जागा शोधली होती. कुठे ते तिने सांगितलं नाही, आणि मी या घराचा आर्किटेक्ट असून मला अजून सापडलेली नाही.

साहेबांना सांगितलं तेव्हा ते खट्टू होतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "बरोबर आहे तिचं. आपण करून दिली की ती तिची राहत नाही. मी एवढी वर्षं लोकांना विचारत फिरलो आणि नेमकं तेच मोडत गेलो." असं ते कधी बोलत नसत. त्या दिवसानंतर त्यांनी क्लायंटना तो प्रश्न विचारणं बंद केलं. ऑफिसात कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला मात्र मीटिंगमध्ये ती जागा रिकामी जाणवायची.

शेठची तब्येत खालावली तेव्हा त्यांच्या मुलीने त्यांना कॅनडाला बोलावून घेतलं. जायच्या आधी शेठ ऑफिसात आले आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. मी सवयीने मागोमाग गेलो, भाषांतराला. दोघं एकदम म्हणाले, "तू बाहेर थांब."

मी बाहेर थांबलो. प्लायवूडला कान लावला हे कबूल करतो. ते आंब्याच्या रसाबद्दल बोलत होते. तिकडे हापूस मिळतो का, मिळाला तर पिकलेला मिळतो का. मग शेठ म्हणाले, ते खांब त्या मालकाच्या मुलाने पाडून टाकले. साहेब म्हणाले, "पाहिले मी पाडताना. वाईट वाटलं." शेठ बाहेर आले तेव्हा त्यांनी माझ्या गालावर चापटी मारली आणि म्हणाले, "चालो, हवे तारी छुट्टी." तुझी सुटका झाली आता.

फर्म साहेबांनी त्यानंतर फार दिवस चालवली नाही. मी स्वतःचं छोटं ऑफिस काढलं. पहिली इमारत मिळाली ती डिंडोलीला, मध्यमवर्गीय फ्लॅट्सची. ती पूर्ण झाल्यावर साहेबांचा फोन आला. त्यांनी लग्न केलं नव्हतं, आयुष्यभर नानपुऱ्यात भाड्याने राहिले होते. म्हणाले, "तुझ्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतोय भाड्याने." मी भारावून बायकोला हाक मारली. ते पुढे म्हणाले, "लांबून चुका नीट दिसत नाहीत."

मग रोज सकाळी फोन. स्वयंपाकघराचं दार फ्रीजला लागतं. बेडरूमचा स्विच दारामागे आहे, तू अंधारात दार लावून मग लाइट लावतोस का? कपडे वाळत घालायच्या दोरीवर दुपारी ऊन येतच नाही. मी फोन उचलायला घाबरू लागलो. बायको स्पीकरवर ठेवायची आणि हसत पोळ्या लाटायची.

एके दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. मी घाबरून डिंडोलीला गेलो. फ्लॅटला कुलूप होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काका? ते वर असतील, वाऱ्यावर."

वर लिफ्टशेजारी जागा होती. मुळात तिथे मोठी लिफ्ट बसायची होती. बिल्डरने ऐनवेळी दुसरी कंपनी धरली, लिफ्ट लहान आली, आणि बाजूचा तुकडा तसाच उरला. त्याला एका बाजूने जाळी लावून मी मोकळा झालो होतो. आता तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. दोन आज्या लसूण सोलत होत्या, एक बाई बाळाला थोपटत होती, आणि साहेब भिंतीला डोकं टेकून झोपले होते. केस वाऱ्याने उडत होते.

त्यांना जाग आली. मला पाहून म्हणाले, "फोन केला नाही म्हणून आलास? सांगायला काही नव्हतं." मग त्यांनी हाताने सगळी जागा दाखवली. "पूर्ण बिल्डिंगमधली सगळ्यात चांगली जागा. कशी सुचली तुला?"

प्रश्न संपायच्या आतच मी मनात उत्तर तयार केलं होतं, हवेच्या प्रवाहाबद्दल, दक्षिणेकडच्या जाळीबद्दल. पण त्यांच्यासमोर ते जमेना. "सुचली नाही सर. उरली."

साहेब इतके हसले की बाळ जागं झालं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मले बी एक दोनदाच उरली अशी. कोनाले सांगू नको."

मग ते आज्यांकडे वळले आणि मोठ्याने म्हणाले, "हाच तो आर्किटेक्ट. ही जागा यानेच ठेवली, मुद्दाम. तुमचा विचार करून."

लसूण सोलणाऱ्या आजींनी मान वर करून मला नीट पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत असा आदर आला की मी चुळबुळलो. त्या उठल्या, पदराने खुर्ची पुसली आणि म्हणाल्या, "बस बेटा, बस."

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी बसलो. वारा खरंच छान येत होता.